हातचा टाका, पडद्यावरची दाद

हळदी-कुंकवाला एखाद्या घरी गेलं, की दारावरच्या मण्यांच्या तोरणापाशी पावलं थांबायची. ‘घरी केलंत?’ हा पहिला प्रश्न आणि ‘मला शिकवाल का?’ हा दुसरा. लग्नात रुखवतापुढे असाच घोळका जमायचा. क्रोशाच्या रुमालाचे खांब बोटांवर मोजून कुणी नक्षी ध्यानात ठेवायची आणि घरी जाऊन विणून पाहायची. वस्तू हातानं बनवणं आणि ती चार जणांना दाखवणं, या दोन गोष्टी आपल्याकडे जोडीनंच चालत आल्या आहेत.

आता तो घोळका मोबाइलवर जमतो. गोधडी, क्रोशा, भरतकाम, कागदी फुलं, दिवाळीचे आकाशकंदील, किल्ले, लाकूडकाम असे सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ फिरत असतात. या ओळखींतून मोठी कामंही उभी राहतात. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ हा फेसबुकवर जमलेला गट. त्यातल्या महिलांनी जानेवारी २०१६ मध्ये चेन्नईत आपापले विणलेले तुकडे जोडून ११,१४८ चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं ब्लँकेट तयार केलं. त्याची गिनीज बुकात विक्रम म्हणून नोंद झाली.

हातकामानं मन शांत होतं, असं ते करणारे सांगतातच. पण मनाला बरं वाटतं ते नक्की कशामुळे? आणि पडद्यावर मिळणाऱ्या कौतुकानं त्यात भर पडते की घट होते? या दोन्ही प्रश्नांवर विज्ञानाकडे सांगण्यासारखं बरंच काही आहे.

हात चालतात तेव्हा

मेंदूत शरीराच्या हालचाली ठरवणारा एक पट्टा असतो. या पट्ट्यात हात आणि बोटांच्या वाट्याला आलेली जागा त्यांच्या आकाराच्या मानानं खूपच मोठी आहे. त्यामुळे सुई ओवणं, टाका उचलणं, धागा हव्या तेवढाच ताणणं ही कामं वरवर साधी दिसली, तरी डोळे, बोटं आणि लक्ष यांचा त्यात सतत मेळ घालावा लागतो. ‘दोन सुलट, दोन उलट’ असं मोजत असताना लक्षाचा बराचसा भाग त्यात गुंततो आणि काळजीच्या विचारांना उरलेली जागा कमी पडते. गोधडीच्या धावदोऱ्यातली किंवा विणकामातली तीच ती लय मनाला स्थिरावते.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी अशा तल्लीन अवस्थेचा अनेक वर्षं अभ्यास केला. काम आपल्या कौशल्याच्या मानानं फार सोपं नसलं आणि फार अवघडही नसलं, पुढची पायरी स्पष्ट असली आणि जमतंय की नाही हे लगेच कळत असलं, तर माणूस त्यात वेळेचं भान विसरतो, असं त्यांनी मांडलं. हातकामात हे सगळं आपसूक जुळून येतं. टाका चुकला की लगेच दिसतो. उसवून पुन्हा घालता येतो.

अभ्यास काय सांगतात?

विणकाम करणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात ३,५४५ जणांनी उत्तरं दिली होती. जे वारंवार विणत, त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. इतरांबरोबर बसून विणणाऱ्यांना त्यातून माणसांशी जोडलेपणाही लाभत होता.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं आणि कागदाची कात्रणं हाताळायला दिली. त्याआधी आणि नंतर लाळेतल्या कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचं प्रमाण मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते घटलं. महत्त्वाचं म्हणजे आधीचा अनुभव असणारे आणि नसणारे यांत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे ‘माझ्या हातात कला नाही’ ही सबब इथे चालत नाही.

इंग्लंडमधल्या ७,१८२ प्रौढांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कला-हस्तकलेत रमणाऱ्यांना आपलं आयुष्य समाधानाचं आणि सार्थकी लागलेलं वाटण्याचं प्रमाण अधिक होतं. वय, आरोग्य, नोकरी या गोष्टी विचारात घेतल्यावरही हा संबंध टिकला.

मात्र हे निष्कर्ष बेतानंच घ्यायला हवेत. पाहण्यांमधून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. ज्यांचं मन मुळात स्वस्थ आहे, तेच हातकामाकडे अधिक वळत असतील, हीही शक्यता उरते. ड्रेक्सेलच्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि सुमारे पाव लोकांमध्ये कॉर्टिसॉल घटलं नाही. हातकाम हे औषध नव्हे. पण कमी खर्चाची, सहज जमणारी सवय म्हणून ते नक्कीच मोलाचं आहे.

बक्षिसाचा उलटा परिणाम

आता दुसरा प्रश्न. कौतुक कुणाला आवडत नाही? लाइक मिळाल्यावर मेंदूत काय होतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी किशोरवयीन मुलांच्या मेंदूचं स्कॅन करून पाहिलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आपल्या फोटोला भरपूर लाइक मिळाल्याचं दिसताच मेंदूतला बक्षिसाशी निगडित भाग अधिक सक्रिय झाला. कौतुकाचा आनंद खराच असतो. अडचण पुढे सुरू होते.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ मधला प्रयोग इथे आठवतो. चित्रं काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल, असं आधीच सांगितलं. दुसऱ्या गटाला ते अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात मुलं काय करतात, ते पाहिलं. बक्षिसाच्या आशेनं चित्रं काढलेली मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र शाबूत होती.

मुलांवरचा हा प्रयोग मोठ्यांना जसाच्या तसा लागू होईलच असं नाही. पण त्यातला इशारा ओळखीचा वाटतो. ध्यानीमनी नसताना मिळालेली दाद आवडीला धक्का लावत नाही. दादेसाठीच काम करायला लागलो, की आवडीचं रूपांतर नोकरीत होतं. मग रंग निवडताना ‘मला काय आवडेल’ याऐवजी ‘काय चालेल’ हा विचार पुढे येतो. अर्धवट विणलेला स्वेटर फोटोजोगा नाही म्हणून बाजूला पडतो. दुसऱ्याची निर्दोष वस्तू पाहून आपली सुई पेटीत जाते ती जातेच. मन शांत करणारी एक हक्काची गोष्ट अशा वेळी हातची निसटते, आणि हे नुकसान लाइकच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

आणखी एक चकवा आहे. विणकामाचे व्हिडिओ तासभर पाहिले, तरी बोटांनी एकही टाका घातलेला नसतो. पाहण्यातून कल्पना सुचते, पण लय आणि तल्लीनता करण्यातूनच मिळते.

दाखवावं, पण कसं?

यासाठी मोबाइल बंद करण्याची गरज नाही. एकटे राहणारे ज्येष्ठ, परगावी गेलेली मंडळी, आजारपणामुळे घराबाहेर पडू न शकणारे यांना समछंदी माणसं तिथेच भेटतात. थोडं पथ्य मात्र पाळावं.

• वस्तूसोबत कृतीही सांगा. कोणता धागा, किती टाके, कुठे चुकलं आणि कसं उसवलं, हे लिहिलं की कौतुकापलीकडचा संवाद सुरू होतो.

• दुसऱ्याच्या कामाखाली ‘छान’ लिहून थांबू नका, प्रश्न विचारा. नमुना ज्यांचा असेल, त्यांचा उल्लेख करा.

• लाइकचा आकडा खुपत असेल तर लपवा. इन्स्टाग्रामवर २०२१ पासून तशी सोय आहे.

• काही कामं कुणालाही न दाखवता करा.

• व्हिडिओ पाहण्याची वेळ ठरवा. एक पाहिला, की तो करून पाहा आणि मगच पुढचा लावा.

• महिन्यातून एकदा तरी शेजारी किंवा मैत्रिणींबरोबर प्रत्यक्ष बसून काम करा.

शरीराचंही ऐका

अर्ध्या तासानं हात थांबवा, बोटं आणि मनगट सैल करा, दूरवर नजर टाका. उजेड भरपूर हवा आणि मान फार वाकलेली नको. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असणाऱ्यांमध्ये हा त्रास अधिक आढळतो, तेव्हा अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवा. सध्या लोकप्रिय असलेल्या रेझिनच्या कामात हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा, कारण ओल्या रेझिनमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. घरात लहान मूल असेल तर मणी आणि सुया त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडीच्या कामातही मन लागत नसेल, तर हातकामावर विसंबून राहू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

बाकीच्यांनी आज पेटी उघडून राहिलेलं काम हातात घ्यायला हरकत नाही. फोटो काढायचा की नाही, हे ते पूर्ण झाल्यावर ठरवता येईल.