विश्लेषण : कोड लिहिता लिहिता डेटाबेस कसा उघडतो? प्लगइन बसवताना काय काळजी घ्यावी?

एका बाजूला हिंजवडीचे आयटी पार्क, दुसऱ्या बाजूला भोसरी-चाकणचा कारखान्यांचा पट्टा आणि मधोमध रहाटणी. कोकणे चौक, शिवार चौक परिसरातील सोसायट्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहून सॉफ्टवेअरचे शिक्षण घेणारे, इंटर्नशिप करणारे किंवा नुकतेच नोकरीला लागलेले तरुण मोठ्या संख्येने आहेत. कोडिंग येत असते, एसक्यूएलची परीक्षाही दिलेली असते. पण कोड लिहिण्याच्या साधनातून थेट डेटाबेस उघडायची वेळ आली की पहिला अर्धा दिवस ‘कनेक्शन फेल्ड’ या दोन शब्दांशी झुंजण्यात जातो. आणि जोडणी झाली की त्याहून मोठा प्रश्न उभा राहतो : आपण नेमका कोणता डेटाबेस उघडला आहे?

डेटाबेस प्लगइन म्हणजे काय?

व्हीएस कोड, इंटेलिजे आयडिया, एक्लिप्स ही कोड लिहिण्याची, तपासण्याची आणि चालवून पाहण्याची साधने. त्यांना आयडीई किंवा कोड एडिटर म्हणतात. मूळ साधनात नसलेली सोय जोडणारा छोटा प्रोग्राम म्हणजे प्लगइन. व्हीएस कोडमध्ये त्यालाच एक्स्टेन्शन म्हणतात. डेटाबेस प्लगइन बसवले की त्याच विंडोच्या कडेला डेटाबेसमधील टेबल, त्यांतील रकाने आणि नोंदी दिसू लागतात. क्वेरी लिहून तिथेच चालवता येते. टेबलांची आणि रकान्यांची नावे टाइप करताना आपोआप सुचवली जातात, त्यामुळे स्पेलिंगच्या चुका कमी होतात. एरवी कोड एका विंडोत, डेटाबेसचे साधन दुसऱ्या विंडोत अशी दिवसभर ये-जा करावी लागते, ती वाचते.

प्लगइन बसवले तरी ड्रायव्हर वेगळा का लागतो?

प्लगइन फक्त पडदा आणि बटणे पुरवते. डेटाबेसशी प्रत्यक्ष बोलण्याचे काम ड्रायव्हर करतो. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर यांची बोलण्याची पद्धत वेगवेगळी आहे, म्हणून प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. ही दुभाष्याची व्यवस्था जुनी आहे. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी आणले, तर जावासाठी सन मायक्रोसिस्टिम्सने १९९७ मध्ये जेडीबीसी दिले. जावावर चालणारी बहुतेक साधने आजही जेडीबीसी ड्रायव्हरच वापरतात. नवशिक्यांची पहिली अडचण बहुधा इथेच असते : प्लगइन बसलेले असते, ड्रायव्हर उतरवलेला नसतो.

कोणते प्लगइन निवडावे?

व्हीएस कोड वापरणाऱ्यांसाठी ‘एसक्यूएलटूल्स’ हे मोफत एक्स्टेन्शन प्रचलित आहे. त्यात मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांचे ड्रायव्हर स्वतंत्र एक्स्टेन्शन म्हणून बसवावे लागतात. एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे एक्स्टेन्शन आहे. जेटब्रेन्स कंपनीच्या इंटेलिजेमध्ये सशुल्क सेवेत डेटाबेसचे साधन सोबतच येते आणि विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी त्याचा परवाना मोफत मिळतो. एक्लिप्समध्ये ‘डीबीव्हर’ प्लगइन म्हणून जोडता येते.

निवडताना नावावर जाऊ नये. सारख्या नावाची बनावट एक्स्टेन्शन बाजारात सोडण्याचे प्रकार घडलेले आहेत. एक्स्टेन्शन कोणी प्रसिद्ध केले, शेवटचे अद्ययावत कधी झाले, किती जणांनी उतरवले, मूळ कोड पाहता येतो का, एवढे तपासावे. या प्लगइनला आपण डेटाबेसचा पासवर्ड देणार आहोत, हे लक्षात ठेवावे. कंपनीच्या लॅपटॉपवर तर आधी विचारूनच बसवावे.

जोडणी कशी करायची?

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स ही बटणे एकत्र दाबली की एक्स्टेन्शनची यादी उघडते. तिथे एसक्यूएलटूल्स शोधून ‘इन्स्टॉल’ करावे, मग आपल्या डेटाबेसचा ड्रायव्हर शोधून तोही बसवावा. डाव्या पट्टीत डेटाबेसचे चिन्ह येते. त्यावर ‘ॲड न्यू कनेक्शन’ निवडले की एक फॉर्म उघडतो. इंटेलिजेमध्ये ‘डेटाबेस’ विंडो उघडून अधिकच्या चिन्हावरून ‘डेटा सोर्स’ निवडायचा. ड्रायव्हर नसेल तर तो उतरवून घेण्याची लिंक खालीच दिसते.

फॉर्म कोणताही असो, माहिती पाचच गोष्टींची लागते.

सर्व्हरचा पत्ता : डेटाबेस आपल्याच लॅपटॉपवर असेल तर ‘लोकलहोस्ट’.

पोर्ट : मायएसक्यूएलसाठी ३३०६, पोस्टग्रेससाठी ५४३२, एसक्यूएल सर्व्हरसाठी १४३३, ओरॅकलसाठी १५२१. हे ठरलेले क्रमांक आहेत. कंपनीने बदललेले असू शकतात.

डेटाबेसचे नाव : एका सर्व्हरवर अनेक डेटाबेस असतात, त्यांतील नेमका कोणता ते.

युजरनेम आणि पासवर्ड : हे डेटाबेसचे, लॅपटॉपचे किंवा ईमेलचे नव्हे.

यानंतर आधी ‘टेस्ट कनेक्शन’ दाबावे, ते यशस्वी झाले तरच ‘सेव्ह’ करावे.

टेस्ट कनेक्शन फसले तर?

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून प्लगइनला दोष देण्याआधी डेटाबेसचा सर्व्हर सुरू आहे का, ते पाहावे. त्रुटीचा संदेश नीट वाचला तर दुखणे कुठे आहे ते बहुतेक वेळा त्यातच सांगितलेले असते.

‘कनेक्शन रिफ्युज्ड’ आले तर त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सर्व्हर बंद आहे किंवा पोर्ट चुकला आहे. डेटाबेस डॉकरमध्ये चालवत असाल तर कंटेनरचा पोर्ट बाहेर उघडलेला आहे का, ते पाहावे.

‘अननोन होस्ट’ आले तर सर्व्हरचे नाव चुकले आहे किंवा कंपनीचा व्हीपीएन जोडलेला नाही.

बराच वेळ काहीच न होता ‘टाइम आउट’ आले तर वाटेत फायरवॉल असण्याची शक्यता मोठी. घरून काम करताना हा अनुभव अधिक येतो. कंपन्यांचे डेटाबेस इंटरनेटवर थेट उघडे नसतात, ते तसे नसणेच योग्य. तिथे व्हीपीएन किंवा प्लगइनमधील ‘एसएसएच टनेल’ची सोय वापरावी लागते.

‘ॲक्सेस डिनाइड’ किंवा ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ आले तर एका अर्थी ती चांगली बातमी आहे. सर्व्हरपर्यंत आपण पोहोचलो आहोत. युजरनेम, पासवर्ड किंवा परवानगी तेवढी चुकते आहे.

पासवर्ड बरोबर असूनही मायएसक्यूएल जोडले जात नसेल तर ड्रायव्हर जुना असू शकतो. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीपासून पासवर्ड पडताळण्याची मूळ पद्धत बदलली. जुन्या ड्रायव्हरना ती कळत नाही. अशा वेळी सर्व्हरची सुरक्षा कमी करण्यापेक्षा ड्रायव्हर अद्ययावत करणे हा योग्य उपाय.

पासवर्ड कुठे ठेवायचा?

एसक्यूएलटूल्समध्ये पासवर्डसाठी पर्याय विचारला जातो : दर वेळी विचारावा, की सेटिंगच्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत साठवावा. दुसरा पर्याय सोयीचा वाटतो, पण ती फाइल प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये असेल तर कोडसोबत गिटहबवर जाऊ शकते. एकदा तिथे गेलेला पासवर्ड नंतरच्या बदलात पुसला, तरी जुन्या इतिहासात राहतो. तो बदलणे हाच उपाय उरतो.

खासगी रेपॉझिटरी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. २०१६ मध्ये हल्लेखोरांनी उबरच्या अभियंत्यांच्या खासगी गिटहब खात्यात शिरून तिथे असलेल्या क्लाउडच्या चाव्या मिळवल्या आणि सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती पळवली. हा प्रकार कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केला. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. त्यामुळे ‘दर वेळी विचारा’ हा पर्याय, किंवा ऑपरेटिंग सिस्टीमच्या सुरक्षित साठ्यात पासवर्ड ठेवणे, हेच बरे.

खरा धोका कुठे आहे?

जोडणी झाल्यानंतर. प्लगइनच्या यादीत सरावाचा, चाचणीचा आणि प्रत्यक्ष ग्राहकांचा असे तिन्ही डेटाबेस एकाखाली एक, एकाच रंगात, एकसारख्या टेबलांसह दिसतात. चाचणीचा समजून प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसवर ‘डिलीट’ चालवायला एक क्लिक पुरते.

अशी गफलत अनुभवी माणसाच्या हातूनही होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याला दुय्यम सर्व्हरवरील डेटाबेसचे फोल्डर रिकामे करायचे होते. रात्री उशिरा, कामाच्या ताणात, आज्ञा चालली मुख्य सर्व्हरवर. सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी माहिती उरली. बॅकअपच्या एकापेक्षा अधिक व्यवस्था होत्या, पण ऐन वेळी त्या चालत नसल्याचे उघड झाले. योगायोगाने सुमारे ६ तास आधी घेतलेली एक प्रत हाती होती, तिच्यावरून सेवा पूर्ववत झाली. तरीही सुमारे ५ हजार प्रोजेक्ट, ५ हजार प्रतिक्रिया आणि ७०० नव्या खात्यांना फटका बसला. कंपनीने सगळा घटनाक्रम जाहीर केला आणि दोष एका माणसावर न टाकता व्यवस्थेतील उणिवा मांडल्या. तो प्रकार टर्मिनलवर घडला होता, पण ‘मी आत्ता कुठे आहे’ हा गोंधळ प्लगइनमध्येही तसाच होतो.

हे टाळण्यासाठी काय करावे?

पहिला उपाय परवानगीचा. प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेससाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेले खाते मागून घ्यावे. ज्या खात्याला पुसण्याचा अधिकारच नाही, त्याच्या हातून काही पुसले जात नाही. प्लगइनमधील ‘रीड ओन्ली’ची खूण उपयोगी आहे, पण ती आपल्या लॅपटॉपपुरती, खरे कुलूप सर्व्हरवरचे.

दुसरा उपाय रंगाचा. इंटेलिजेमध्ये प्रत्येक डेटा सोर्सला वेगळा रंग देता येतो. प्रत्यक्ष वापरातल्याला लाल, सरावाच्याला हिरवा दिला की डोळ्यांना आधी कळते. जोडणीच्या नावातही ‘प्रॉड’, ‘टेस्ट’ असे स्पष्ट लिहावे.

तिसरा उपाय ‘ऑटो कमिट’ बंद ठेवण्याचा. तो सुरू असताना प्रत्येक बदल लगेच कायम होतो. बंद असेल तर बदल तपासून ‘कमिट’ करता येतो, चुकला तर ‘रोलबॅक’ करून मागे घेता येतो.

चौथा उपाय सवयीचा. ‘अपडेट’ किंवा ‘डिलीट’ चालवण्याआधी तीच अट लावून ‘सिलेक्ट’ चालवावे आणि किती नोंदी येतात ते पाहावे. अपेक्षा एका नोंदीची आणि आल्या चार हजार, तर चूक तिथेच पकडली जाते. ‘व्हेअर’ न लिहिता ‘डिलीट’ चालवल्यास इंटेलिजे इशारा देते. मायएसक्यूएलच्या कमांड लाइनवरही अशी आज्ञा अडवणारा सुरक्षित पर्याय आहे आणि त्याचे दुसरे अधिकृत नाव ‘आय ॲम अ डमी’ असे गमतीचे आहे.

या तंत्रज्ञानाशी आपल्या परिसराचे नाते काय?

डेटाबेस हा विषय पुण्याला नवा नाही. अमेरिकेत डेटाबेसवर पीएच.डी. करून परतलेल्या आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या ईडीबी कंपनीचे पुण्यात मोठे केंद्र आहे. जगभरच्या विद्यापीठांत वापरल्या जाणाऱ्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या पाठ्यपुस्तकाचे एक सहलेखक एस. सुदर्शन हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमात ज्यांनी हा विषय घेतला, त्यांना मुखपृष्ठ ओळखीचे असेल.

सरावाला सुरुवात कुठून करावी?

कंपनीच्या डेटाबेसवर सराव करू नये. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस दोन्ही मोफत आहेत, लॅपटॉपवर बसवावेत. मायएसक्यूएलचा ‘सकिला’ हा नमुना डेटाबेस तयार मिळतो. त्यापेक्षा ओळखीचे काही हवे असेल तर चाकणच्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या छोट्या वर्कशॉपची कल्पना करावी आणि तीन टेबल करावीत : सुटे भाग, पुरवठादार, आवक-जावक. प्लगइनमधून शे-दोनशे नोंदी भरून कोणता भाग संपत आला आहे, हे शोधणारी क्वेरी लिहावी. मग बॅकअप घ्यावा, मुद्दाम एक टेबल पुसावे आणि ते बॅकअपमधून परत आणून पाहावे. जोडणी सगळेच शिकतात. हा शेवटचा सराव मात्र नोकरीच्या पहिल्या महिन्याआधी एकदा तरी झालेला असावा.