रुईचे अमेरिकी आप्त : घरामागच्या अंगणात स्थानिक वनस्पती का हव्यात?

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ वाहण्याची प्रथा महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. त्याच रुईच्या पानांवर प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू अंडी घालते, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. रुईचा चीक विषारी असतो. अळी तो पचवते, त्यातील विष शरीरात साठवते आणि त्यामुळेच पुढे फुलपाखरू झाल्यावर पक्षी त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत.

अमेरिकेत नेमके हेच नाते मिल्कवीड ही वनस्पती आणि मोनार्क हे फुलपाखरू यांच्यात आढळते. मिल्कवीड रुईच्याच कुळातील असून तिचेही पान तोडले की पांढरा चीक वाहतो. मोनार्क आणि प्लेन टायगर ही दोन्ही फुलपाखरे एकाच प्रजातीसमूहातील आहेत. हवाई बेटांवर तर मोनार्कच्या अळ्या चक्क रुईवर वाढतात. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर मात्र त्यांचे सारे भवितव्य मिल्कवीडवर अवलंबून आहे आणि तीच वनस्पती झपाट्याने कमी झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने मोनार्कचा समावेश संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत करण्याचा प्रस्ताव मांडला. न्यू जर्सी वा पेनसिल्व्हेनियातील मराठी कुटुंबाच्या घरामागचे अंगण या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे, ते असे.

हिरवळ, पण अन्नाविना

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उपग्रहचित्रांचा आधार घेतलेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेत घरे, मैदाने, कार्यालये यांभोवतालच्या हिरवळीने सुमारे १,६३,००० चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले आहे. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरते. कापलेले गवत आणि कडेला लावलेली परदेशी शोभेची झुडपे नजरेला हिरवी दिसतात, पण स्थानिक कीटकांना त्यांतून फारसे अन्न मिळत नाही.

कारण सरळ आहे. प्रत्येक वनस्पती स्वसंरक्षणासाठी पानांत विशिष्ट रसायने निर्माण करते. ती पचविण्याची क्षमता कीटकांना हजारो पिढ्यांच्या सहवासातून लाभते. म्हणूनच पाने खाणारे बहुतेक कीटक मोजक्याच वनस्पतींवर जगू शकतात. डेलावेअर विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी हा विषय सामान्य घरमालकांपर्यंत पोहोचवला. त्यांच्या मांडणीनुसार मध्य-अटलांटिक भागात ओक वृक्षांवर पाचशेहून अधिक जातींच्या पतंग-फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. आशियातून आणलेल्या गिंकोवर मात्र जवळजवळ एकही नाही.

अळ्या नसल्याने कोणाचे काय बिघडते? पक्ष्यांचे बिघडते. चिकडी हा मूठभर आकाराचा पक्षी हिवाळ्यात दाणे टिपतो, परंतु पिल्लांना मऊ अळ्याच लागतात. एका घरट्यातील पिल्ले उडेपर्यंत जोडीला सहा ते नऊ हजार अळ्या शोधून आणाव्या लागतात. वॉशिंग्टन परिसरातील अंगणांत केलेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की परिसरातील झाडाझुडपांत स्थानिक वनस्पतींचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या खाली गेले, की चिकडीची संख्या टिकून राहत नाही. दाणे घालण्याचे पात्र टांगून ही उणीव भरून निघत नाही.

तुळस कुठे, मिल्कवीड कुठे

याचा अर्थ तुळस, कढीपत्ता वा मोगरा यांना घरातून निरोप द्यावा असा नाही. ही झाडे कुंडीत वाढतात, थंडीत आत येतात आणि परिसरात पसरत नाहीत. स्थानिकतेचा निकष लावायचा तो जमिनीत लावल्या जाणाऱ्या झाडांना. वसंतात पांढऱ्या फुलांनी बहरणारा कॅलरी पेअर एकेकाळी सर्वत्र लावला गेला. तो आता रानोमाळ फोफावत असून ओहायो आणि पेनसिल्व्हेनियात त्याच्या विक्रीवर बंदी आहे. मादागास्करमधून आलेल्या गुलमोहराऐवजी वड, उंबर, पळस लावावेत, असा आग्रह महाराष्ट्रात धरला जातो, त्यामागेही हाच विचार आहे.

एक सावधगिरी मराठी वाचकांनी विशेष बाळगावी. महाराष्ट्रात हळदीकुंकू या नावाने ओळखले जाणारे लाल-पिवळ्या फुलांचे झुडूप म्हणजे उष्णकटिबंधीय मिल्कवीड होय. ते येथील रोपवाटिकांतही सहज मिळते आणि ओळखीचे म्हणून आपलेसेही वाटते. मात्र फ्लोरिडा, टेक्सास यांसारख्या उबदार राज्यांत ते हिवाळ्यातही हिरवे राहते. त्यामुळे मोनार्कला पोखरणाऱ्या एका परजीवीचे बीजाणू त्याच्या पानांवर साचत जातात आणि फुलपाखरांच्या स्थलांतरातही व्यत्यय येतो. ईशान्येकडील राज्यांसाठी कॉमन, स्वॅम्प आणि नारिंगी फुलांची बटरफ्लाय वीड या तीन जाती अधिक योग्य ठरतात. कॉमन मिल्कवीड जमिनीखालून पसरते. ओलसर जागी स्वॅम्प आणि कोरड्या, उन्हाच्या जागी बटरफ्लाय वीड चांगली येते.

आरंभ कसा करावा

नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन आणि ऑडुबॉन या संस्थांच्या संकेतस्थळांवर पिनकोड टाकला की त्या परिसरातील स्थानिक वनस्पतींची यादी मिळते. मिल्कवीडच्या जोडीला गोल्डनरॉड आणि ॲस्टर लावल्यास मेक्सिकोकडे तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या मोनार्कना शरद ऋतूत मकरंद मिळतो. गोल्डनरॉडमुळे शिंका येतात हा समज चुकीचा आहे. त्याचे परागकण जड आणि चिकट असून ते कीटकांमार्फत जातात. खरा दोष त्याच सुमारास फुलणाऱ्या रॅगवीडचा असतो.

मिल्कवीडच्या बियांना रुजण्यापूर्वी थंडी लागते. त्या शरदात थेट मातीत पेराव्यात, अथवा ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवाव्यात. रोप विकत घेताना त्यावर कीटकनाशकाची प्रक्रिया झाली आहे का, हे अवश्य विचारावे. तशा रोपाची पाने खाऊन अळ्या मरतात. पहिल्या वर्षी रोप प्रामुख्याने मुळे वाढवते, फुलोरा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतो. तोवर धीर धरावा. शरदातील गळलेली पाने झाडांखाली तशीच राहू द्यावीत, कारण भुंग्यांच्या राण्या आणि पतंगांचे कोष त्याखाली हिवाळा काढतात.

अनेक वसाहतींत अडचण बागेची नसते, ती गृहसंस्थेच्या नियमांची असते. उंच वाढलेले झाड दिसले की तणाची नोटीस येते. मेरीलँडने २०२१ मध्ये कायदा करून पर्यावरणपूरक बागांवर अवाजवी निर्बंध घालण्यास गृहसंस्थांना मनाई केली. इतरत्र राज्यागणिक नियम वेगळे आहेत, म्हणून लागवडीपूर्वी संस्थेची नियमावली वाचावी आणि आराखडा लेखी मंजूर करून घ्यावा. वाफ्याभोवती कापलेल्या गवताची नीट पट्टी राखावी आणि काय लावले आहे ते सांगणारी पाटी उभारावी. शेजाऱ्यांचा आक्षेप पुष्कळदा एवढ्यानेच मावळतो.

संपूर्ण हिरवळ उपटण्याची गरज नाही. कुंपणालगतचा चार-सहा फुटांचा वाफा आरंभासाठी पुरेसा आहे. पुढील उन्हाळ्यात मिल्कवीडचे पान कुरतडलेले दिसले, तर फवारणीच्या बाटलीकडे हात जाण्यापूर्वी ते उलटून पाहावे. काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची अळी तेथे दिसली, तर वाफ्याने आपले काम सुरू केले, असे समजावे.