स्लॉट सोळाचा, वाटे चार

मीरा रोड-भाईंदरमध्ये घरातल्याच एका खोलीत कॉम्प्युटर मांडून लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे अनेक जण आहेत. फोर-के शूटिंगने डिस्क भराभर भरते. मग ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा आणि चार एसएसडी बसतील असं स्वस्तातलं कार्ड आणायचं. घरी लावल्यावर मात्र एकच एसएसडी दिसते. कार्ड बाद निघालं, असं वाटतं. बहुतेकदा ते धडधाकट असतं. घोळ लेनच्या वाटपात असतो.

२००३ साली आलेल्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये डेटा लेनमधून धावतो. तिसऱ्या पिढीत एक लेन एका दिशेला सेकंदाला सुमारे १ जीबी नेते, चौथीत त्याच्या दुप्पट. अशा कार्डावरच्या एनव्हीएमई एसएसडीला सहसा ४ लेन लागतात, म्हणजे १६ लेनच्या स्लॉटमध्ये चार सहज मावाव्यात. पण मदरबोर्ड त्या स्लॉटमध्ये एकच उपकरण आहे असं धरून चालतो. पहिल्या चार लेन पहिल्या एसएसडीशी जुळतात, उरलेल्या बारा पडून राहतात.

बायोसमध्ये जाऊन ‘बायफर्केशन’ (लेनची वाटणी) ४-४-४-४ केलं, की चारही दिसू लागतात. लोकलच्या जलद आणि धिम्या मार्गांसारखी प्रत्येकीची वाट वेगळी होते. कुणी कुणाच्या मागे अडकत नाही. स्विच चिप असलेल्या महागड्या कार्डाला ही सोय लागत नाही. तिथे सगळ्या एसएसडी एकच रस्ता वाटून घेतात आणि त्यांची एकत्रित गरज त्या रस्त्याला पेलली नाही, तर प्रत्येकीचा वेग घटतो. लेन मात्र दोन्हीकडे तेवढ्याच. वाटणीने त्या वाढत नाहीत.

ही वाटणी प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोघांनाही जमावी लागते. रायझन ७ ५८००एक्सला ४-४-४-४ चालतं, बोर्डाच्या बायोसमध्ये तो पर्याय असेल तर. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या डेस्कटॉप कोअर प्रोसेसरवर सोळाचे फक्त ८-८ होतात. चारचं साधं कार्ड तिथे दोनच एसएसडी दाखवतं. शिवाय मुख्य स्लॉट एसएसडींना दिला, तर ग्राफिक्स कार्ड दुसरीकडे न्यावं लागतं. तो दुसरा स्लॉट दिसायला लांब असला तरी आत अनेकदा चारच लेन असतात, त्याही चिपसेटमार्फत, यूएसबी आणि सॅटाबरोबर वाटून घेतलेल्या.

म्हणून पैसे मोजण्याआधी मदरबोर्डच्या मॅन्युअलमधला लेन-वाटपाचा तक्ता बघावा. दुकानदारानेही कार्ड काढून देण्याआधी ‘बोर्ड आणि प्रोसेसर कोणता?’ एवढं विचारावं. कष्टाच्या कमाईतून सामान घेणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढी माहिती मिळायलाच हवी.