आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून?

घरातले जुने फोटो, लग्नाच्या चित्रफिती, कुणाचा प्रबंध, कुणाचे हिशेब, गेलेल्या माणसाचा आवाज हे सगळे आता पत्र्याच्या ट्रंकेत राहत नाही. ते तळहाताएवढ्या एका काळ्या डबीत राहते. डबीची वायर लॅपटॉपला लावली की डबी उघडते. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की, एखाद्या दिवशी ती उघडली नाही म्हणजे घराचा धीर सुटतो. डबी नुसती टक टक करीत बसते आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे, वायर लावताक्षणी लॅपटॉपच बंद पडतो. मग घरातले सर्वांत जाणते माणूस निकाल देते, "डिस्क गेली!"

मी तीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवले. निवृत्तीनंतर आजूबाजूच्या घरांतल्या अशा 'गेलेल्या' डिस्क माझ्याकडे येतात. त्यांतल्या कित्येक गेलेल्या नसतात, उपाशी असतात. ही उपासमार ओळखता न आल्यामुळे लोक धडधाकट डिस्क टाकून देतात, किंवा पुन्हा पुन्हा लावून तिला खरोखरच मारतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

थोडे मागे जाऊ. १९९६च्या जानेवारीत यूएसबीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याआधी संगणकाच्या पाठीमागे कीबोर्डाला एक भोक, माऊसला दुसरे आणि प्रिंटरला तिसरे, असा कारभार होता. इंटेलमध्ये ज्या गटाने या जंजाळातून वाट काढली, त्यात अजय भट्ट यांचा वाटा मोठा होता. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले. सयाजीरावांचे नाव आपल्याला ग्रंथालयांसाठी ठाऊक आहे. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाचा विद्यार्थी आज जगातल्या प्रत्येक लॅपटॉपच्या कडेला भेटतो, हे मला नेहमी मौजेचे वाटते.

या जोडणीची खुबी अशी की, माहिती आणि वीज एकाच वायरीतून जातात. मात्र विजेचा वाटा मोजून दिलेला असतो. २०००मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तो ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट ठरला. २००८च्या तिसऱ्या आवृत्तीत तो ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट झाला. देवघरातला जुना झीरोचा दिवासुद्धा याहून अधिक वीज खातो. माऊसला किंवा पेन ड्राइव्हला एवढे पुष्कळ झाले. पण हार्ड डिस्कच्या पोटात मोटर असते. थांबलेली चकती फिरवायला सुरुवातीचे सेकंद-दोन सेकंद तिला एक अँपिअरच्या घरात वीज लागते. एकदा वेग घेतला की तिची गरज निम्म्याहून खाली येते. भरलेली हातगाडी जागची हलवताना जोर लागतो, पुढे ती ओढत नेणे सोपे, तसेच हे.

म्हणजे खरा प्रसंग त्या पहिल्या दोन सेकंदांचा. काही लॅपटॉप ठरल्यापेक्षा थोडे अधिक देतात आणि वेळ निभावते. काही काटेकोर असतात. म्हणून तीच डिस्क मुलाच्या लॅपटॉपवर चालते आणि वडिलांच्या लॅपटॉपवर चालत नाही. वीज अपुरी पडली की मोटर फिरू लागते, अडखळते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. तीच ती टक टक. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि कधीकधी आडात असते, पण पोहरा गळका असतो. हा गळका पोहरा म्हणजे केबल. स्वस्त केबलमधल्या तारा इतक्या बारीक असतात की, मीटरभर लांबीत जाण्यायेण्याचा मिळून साधारण ०.४ ओहम रोध सहज भरतो. एक अँपिअर प्रवाह गेला की ५ व्होल्टमधले ०.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडले. म्हणूनच मी पहिल्यांदा केबल बदलायला सांगतो. आखूड, जाड केबल लावून 'मेलेली' डिस्क जिवंत झालेली मी अनेकदा पाहिली आहे. एका भोकाची चार भोके करणाऱ्या, स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबचेही तेच. तो नवी वीज आणत नाही, आहे तीच वाटतो.

दुसरा प्रकार मात्र गंभीर. डिस्क लावली आणि लॅपटॉपच बंद पडला. येथे मूळ तीन ठिकाणी असू शकते. पहिले, भोकातली पट्टी वाकून किंवा कचरा अडकून तारा एकमेकींना चिकटल्या. दुसरे, डिस्कच्या डबीतच शॉर्ट झाला. तिसरे, आणि हे लोकांच्या ध्यानीमनी नसते, लॅपटॉपची स्वतःचीच कमाई खालावली आहे. एवढ्याशा जादा खर्चानेही त्याचा संसार कोलमडतो.

या तिसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण सांगतो. आमच्या शेजारी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. नोकरीच्या काळात त्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर उतरवून घेतल्या आणि पुढे एका डिस्कवर चढवल्या. कॅसेटी बुरशीने गेल्या. ज्यांचे आवाज होते, त्यांतल्या बहुतेकजणी आता हयात नाहीत. डिस्क लावली की लॅपटॉप बंद, असे तीनदा झाले. दुकानदाराने डिस्क गेल्याचे सांगून माहिती परत काढण्याचा असा आकडा सांगितला की, गुरुजी तसेच उठून माझ्याकडे आले. "सर, पैशाचं सोडा हो. पण त्या बायांना मी आता कुठून आणू?"

मी डिस्कला हात न लावता आधी लॅपटॉप उलटा केला. खाली ६५ वॅटचा अडॅप्टर लावावा असे छापले होते. लावलेल्या अडॅप्टरवर होते ४५. जुना बिघडल्यावर मुलाने घरात पडलेला दुसरा लावून दिला होता. पिन बसली, काम झाले. बॅटरी सहा वर्षांची, अडॅप्टर काढताच मिनिटभरात मान टाकणारी. म्हणजे गाठीला काही नाही आणि पगार अपुरा. लॅपटॉप काठावर जगत होता. डिस्कच्या मोटरने पहिला घोट मागितला आणि तो कोसळला. नुसता माऊस लावला तर सुरळीत चालला, तेव्हा भोक शाबूत होते. मग डिस्क स्वतःचा अडॅप्टर असलेल्या हबमधून माझ्या संगणकाला लावली. चकती एका दमात फिरली. ओव्या ऐकत बसण्याआधी सगळ्याची दुसरी प्रत काढली. बॅटरी आणि अडॅप्टर बदलल्यावर लॅपटॉपही पूर्ववत झाला.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. टक टक ऐकू आली तर पाच मिनिटांत पाच वेळा लावून पाहू नये. प्रत्येक अडखळलेली सुरुवात डिस्कचे आयुष्य खाते. लॅपटॉप अडॅप्टरवर घ्यावा, हब काढावा, केबल बदलावी, दुसरे भोक वापरावे. टेबलावरचा मोठा संगणक असेल तर पुढचे भोक सोडून पाठीमागचे घ्यावे, कारण ते मुख्य बोर्डालाच जोडलेले असते. एवढे करूनही टक टक थांबली नाही, तर मात्र बिघाड डिस्कचाच समजून जाणकाराकडे जावे. लॅपटॉपच बंद पडत असेल तर दुसऱ्यांदा लावू नये. बॅटरीचीच मान्य आहे अशी खात्री करून, लॅपटॉप बंद ठेवून टॉर्चने भोक पाहावे, अडॅप्टरवरचे वॅट वाचावेत. बॅटरी फुगलेली दिसली तर लॅपटॉप वापरूच नये. डिस्क दुसऱ्या संगणकावर पाहायची तर थेट न लावता अडॅप्टरच्या हबमधूनच लावावी. शॉर्ट असलाच तर तो हबावर निभावतो.

२०१४मध्ये आलेल्या टाइप-सीच्या भोकातून १५ वॅट मिळू शकतात, पण प्रत्येक भोक तेवढे देतेच असे नाही. पिन बसली म्हणजे वीज पुरली, हा समज गुरुजींच्या मुलाचा होता तसाच आपल्या सर्वांचा असतो. पिन ही फक्त ओळख आहे. ऐपत अडॅप्टरवरच्या बारीक अक्षरांत लिहिलेली असते.

आणि वीज पुरेशी असली तरी डिस्क अमर नसते. ज्या दिवशी ती विनातक्रार उघडेल, तोच तिची दुसरी प्रत काढण्याचा दिवस. जी वस्तू एकाच ठिकाणी आहे, ती आपल्याकडे आहे असे समजू नये; ती फक्त अजून हरवलेली नाही.