हॉकीची वाट शिरपूरवरूनच जाते. पण संघटनेचे काय?

शिरपूरहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघाले, की सातपुडा ओलांडून सेंधव्यामार्गे महूची छावणी गाठता येते. दक्षिणेकडे हाच रस्ता धुळे आणि नाशिकवरून मुंबईत उतरतो. भारतीय हॉकीच्या इतिहासात या रस्त्याची दोन्ही टोके मानाची आहेत. स्वतंत्र भारताला १९४८ मध्ये लंडन येथे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून देणारे कर्णधार किशनलाल महूचे. त्यांची कारकीर्द मात्र बहरली ती मुंबईत, रेल्वेच्या संघातून. १९५६ ते १९६४ या काळातील तीन ऑलिंपिक स्पर्धांत गोलरक्षण करणारे शंकर लक्ष्मण हेही महूचेच. या दोन टोकांमधल्या खानदेशाचे नाव हॉकीच्या इतिहासात ठळकपणे येत नाही. येथील मुले काटक नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. कारण शोधायचे तर ते संघटनेच्या इतिहासात शोधावे लागते.

हॉकी भारतात आली ती इंग्रजी फौजांबरोबर. लष्करी छावण्या, रेल्वेच्या वसाहती, दारूगोळ्याचे कारखाने आणि मिशनरी शाळा यांच्या आश्रयाने ती पसरली. छावणीत दोन पलटणी असत आणि दोन पलटणी असल्या, की सामना आपोआप ठरे. कोलकात्यात १८९५ मध्ये बेटन चषक सुरू झाला, तर मुंबईत १८९६ मध्ये आगाखान चषक. महाराष्ट्रात खडकी, देवळाली आणि कामठी या छावण्या होत्या. खानदेशात भुसावळला रेल्वेची वसाहत होती. शिरपूरला ना छावणी, ना लोहमार्ग. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या या तालुक्याला हॉकीची स्टिक आणून देणारे कोणी नव्हते.

खेळाडू वाढले, तशी नियम, नोंदणी आणि निवड यांची गरज निर्माण झाली. भारतीय हॉकी महासंघाची स्थापना १९२५ मध्ये ग्वाल्हेर येथे झाली. मात्र स्थानिक संघटना आणि वरिष्ठ संस्था यांचे पटलेच असे नाही. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकसाठी संघ निवडण्याकरिता कोलकात्यात आंतरप्रांतीय स्पर्धा भरली. त्यात संयुक्त प्रांत, बंगाल, राजपुताना, पंजाब आणि मध्य प्रांत असे पाचच संघ उतरले. मुंबई नव्हती. संघाच्या प्रवासखर्चासाठी वर्गणीचे आवाहन झाले, तेव्हाही मुंबई, मद्रास आणि ब्रह्मदेश यांनी हात आखडता घेतला. पैसे कमी पडल्याने दोन खेळाडूंना मागे ठेवण्याची वेळ आली होती. बंगालमधून मदत मिळाली म्हणून ते जाऊ शकले.

गंमत अशी, की जहाजावर चढण्यापूर्वी या निवडक संघाचा सामना मुंबईशी झाला आणि मुंबईने तो ३-२ असा जिंकला! १० मार्च १९२८ रोजी 'कैसर-ए-हिंद' जहाज सुटले, तेव्हा निरोप द्यायला बंदरावर अवघी तीन माणसे होती. त्याच संघाने ॲम्स्टरडॅमला पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. संघ सुवर्णपदक घेऊन परतला, तेव्हा त्याच बंदरावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रतिनिधित्व न मिळालेल्या संघटनेकडेही किती ताकदीचे खेळाडू असू शकतात, हे या सामन्याने दाखविले. मुंबईने आपला वाटा पुढे वसूलही केला. १९४८ च्या सुवर्णपदक विजेत्या संघात किशनलाल यांच्याबरोबर लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ असे मुंबईकर होते.

महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये स्थापन झाले. हॉकीचा नकाशा मात्र जुन्याच वळणाचा राहिला. मुंबई, उर्वरित महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन वेगळ्या संघटनांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत दीर्घकाळ उतरत राहिले. खानदेश साहजिकच मधल्या गटात गेला. जिल्हा संघटना ही या रचनेची सर्वांत खालची पायरी. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, की कागदावर आणखी एका जिल्हा संघाची सोय झाली. पण संघ कागदावर उभा राहत नाही.

त्यासाठी पुण्याजवळच्या खडकीकडे पाहावे. दारूगोळा कारखान्याच्या या वस्तीने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक विजेत्या संघाला बाबू निमल दिले आणि पुढे चार ऑलिंपिक खेळणारा धनराज पिल्ले. धनराजचे वडील कारखान्याच्या वसाहतीत मैदानाची देखभाल करीत. मुले मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन मातीत खेळत. तेथे सुविधा तुटपुंज्याच होत्या, पण समोर खेळायला दुसरी मुले होती. पुढे धनराज मुंबईत भावाकडे गेला आणि तेथील साखळी स्पर्धेने त्याला नावारूपास आणले. स्थानिक संघटनेचे पहिले काम हेच, प्रतिस्पर्धी मिळवून देणे. पंच, वेळापत्रक, खेळाडूंची नोंदणी, निवड चाचणी ही सारी त्यानंतरची कामे.

पुढची अडचण मैदानाची. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर घसरला. मुंबईने १९८२ चा विश्वचषक चर्चगेटच्या मैदानावर भरविला, तो नैसर्गिक गवतावर. नंतर मात्र मातीत शिकलेल्या मुलाला मोठ्या शहरात जाऊन नव्याने खेळ शिकावा लागू लागला. अशी हिरवळ अंथरायला कोट्यवधी रुपये लागतात आणि पाण्यावर चालणाऱ्या हिरवळीला सामन्यापूर्वी हजारो लिटर पाणी शिंपडावे लागते. जलसंधारणाच्या 'शिरपूर पॅटर्न'ने ओळखल्या जाणाऱ्या तालुक्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

संघटनेतील भांडणाची झळही शेवटी खेळाडूलाच बसते. २००८ मध्ये भारत प्रथमच ऑलिंपिकसाठी अपात्र ठरला, त्याच वर्षी महासंघ निलंबित झाला आणि २००९ मध्ये 'हॉकी इंडिया' अस्तित्वात आली. अधिकृत कोण, हा वाद पुढे अनेक वर्षे न्यायालयात चालला. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचे असावे लागते आणि क्रीडा खात्याकडून ते तपासले जाते. चुकीच्या फलकाखाली खेळलेल्या मुलाचे पदक घरातल्या भिंतीवरच राहते. म्हणून प्रवेशिका भरण्यापूर्वी आयोजक संस्थेची संलग्नता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घेणे पालकांच्या हिताचे असते.

तालुक्याच्या शाळेसाठी सर्वांत जवळचा दरवाजा आहे तो शालेय क्रीडा स्पर्धांचा आणि नेहरू चषकाचा. तेथे जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आहेत. संस्था नोंदणीसाठी १८६० चा कायदा आहे, विश्वस्त व्यवस्थेसाठी १९५० चा. सात सदस्य जमविले, की कागद तयार होतो. मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद लागते, तेही एखाद्या शाळेकडे निघेल. एका शाळेने अकरा मुले उभी केली, की शेजारच्या शाळेतूनही अकरा यावी लागतात.