हरवलेल्या गाण्याचा पत्ता

ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गायक, वादक आणि नर्तक यांच्या श्रमांची गणना अनुत्पादक श्रमांत केली. त्याचे कारण साधे होते. कारागिराचे श्रम वस्तूत साठून राहतात; गवयाचे श्रम स्वर उमटताक्षणीच विरून जातात आणि पुढे विकता येईल असे काही मागे ठेवीत नाहीत. १८७७ साली एडिसनने ध्वनिलेखनाचे यंत्र तयार केले तेव्हा हे मत निकालात निघाले, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः ते निम्मेच निकालात निघाले. तबकडीवर येते ते टिकते. आणि तबकडीवर येते ते, जे खपेल असे कोणाला तरी वाटते. जलशात गायिलेले पण कधीच प्रसिद्ध न झालेले गीत आजही स्मिथच्याच यादीत आहे. ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा मुखडा उरतो, अंतरा निसटतो, नाव तर ठाऊकच नसते. असे गीत जपण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

बॉब डिलन या अमेरिकन गायक-कवीचे उदाहरण घ्यावे. १२ नोव्हेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील वॉरफील्ड थिएटरात त्याने ‘कॅरिबियन विंड’ हे नवे गीत गायिले. त्यानंतर व्यासपीठावर ते त्याने पुन्हा कधीच गायिले नाही. पुढील वर्षीच्या त्याच्या संग्रहात त्याला स्थान मिळाले नाही. १९८५ साली ‘बायोग्राफ’ या संचात ते आले खरे. पण ती स्टुडिओतील प्रत होती आणि तिचे शब्द वेगळे होते. त्या रात्रीचे गीत ज्यांच्या मनात घोळत होते, त्यांना आधार उरला तो रसिकांनी हातोहात फिरविलेल्या ध्वनिफितीचा. ते गायन अधिकृतपणे बाजारात आले २०१७ साली, म्हणजे ३७ वर्षांनी.

डिलनचे नाव मोठे आहे. त्याने टाकून दिलेल्या कागदालाही गिऱ्हाईक मिळते. उशिरा का होईना, बाजाराने त्याची दखल घेतली. परंतु ज्याचे नावच कोणाला ठाऊक नाही, त्याने काय करावे? जर्मनीतील एका गीताची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९८४ च्या सुमारास उत्तर जर्मनीतील एक शाळकरी वयाचा मुलगा एन. डी. आर. या नभोवाणीवर लागणारी गाणी कॅसेटवर उतरवून घेत असे. गाणे स्वच्छ यावे, निवेदकाचे बोलणे मध्ये येऊ नये, अशी त्याची दक्षता असे. ही दक्षताच पुढे आड आली. कारण गीताचे आणि गाणाऱ्यांचे नाव त्या बोलण्यातच असते. त्यांतील एका गीताचा थांग काही केल्या लागेना. २००७ साली त्याच्या बहिणीने त्या गीताचा अंश इंटरनेटवर ठेवून विचारणा केली. बारा वर्षांनी, म्हणजे २०१९ साली, एका ब्राझिली तरुणाने हा शोध नव्याने हाती घेतला, आणि मग निरनिराळ्या देशांतील असंख्य माणसे त्यात उतरली.

या माणसांनी केलेले काम पाहिले म्हणजे एखाद्या इतिहास-संशोधकाने मान डोलवावी. ध्वनीच्या आलेखात सेकंदाला १०,००० कंपनांच्या जागी एक बारीक रेषा दिसत होती. ती त्याच नभोवाणीच्या प्रक्षेपणाची खूण ठरली, आणि गीत कोठून प्रक्षेपित झाले ते निश्चित झाले. मुद्रणयंत्र १९८४ सालच्या बनावटीचे होते. वाद्यांतील एक आवाज यामाहा कंपनीने १९८३ साली आणलेल्या ‘डी. एक्स. ७’ या वाद्याचा असावा, असे जाणकारांनी कानाने ओळखले. एवढे होऊनही शब्दांविषयी एकमत नव्हते. एकाला जो शब्द ऐकू येई तो दुसऱ्याला येत नसे. जुन्या कार्यक्रमांच्या नोंदी चाळून झाल्या, निवेदकांना विचारून झाले, अनेक वाद्यवृंदांची नावे पुढे आली आणि एकेक करून बाद झाली.

अखेर उत्तर सापडले ते जुन्या वर्तमानपत्रांत. एन. डी. आर. नवोदित वाद्यवृंदांची एक स्पर्धा भरवीत असे. तीत भाग घेणाऱ्यांची नावे धुंडाळताना एका शोधकाला कील शहरातील ‘फेक्स’ या वाद्यवृंदाचा उल्लेख आढळला. त्याने त्यांतील एका कलावंताला गाठले. कलावंतापाशी जुन्या फिती होत्या आणि गीत त्यांत होते. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याचे नाव जगापुढे आले: ‘सबवेज ऑफ युवर माइंड’. आपले गीत इतकी माणसे इतकी वर्षे शोधत आहेत, याची त्या कलावंतांना गंधवार्ताही नव्हती.

या हकीकतीचा अर्थ काय? गीत रचणाऱ्यांना त्यातून पैसा मिळाला नव्हता, कोणत्याही कंपनीने ते तबकडीवर आणले नव्हते, आणि ज्या नभोवाणीने ते ऐकविले तिच्या नोंदींतूनही उत्तर मिळाले नाही. विनिमय-मूल्याच्या तराजूत त्याचे वजन शून्य होते. तरीही एका मुलाला ते मोलाचे वाटले आणि त्याने ती कॅसेट फेकली नाही. पुढे अनेकांनी त्यासाठी बिनमोबदला श्रम वेचले. बाजाराला जी किंमत लावता येत नाही ती रसिकता लावते, आणि संस्था जेथे विसरतात तेथे अनेकदा ती एकटीच आठवण ठेवते.

याची दुसरी बाजूही आहे. आपली कोणती कृती लोकांसमोर ठेवावी आणि कोणती ठेवू नये, हे ठरविण्याचा अधिकार कलावंताचा आहे. १९६९ साली डिलनची अप्रकाशित गीते ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या चोरट्या तबकडीतून विकली गेली, तेव्हा नफा भलत्यांच्याच खिशात गेला. अशा चोरीचे समर्थन रसिकतेच्या नावाने करता येणार नाही. पण विकणे वेगळे आणि जपणे वेगळे. ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन वाद्यवृंदाने हा भेद ओळखला. १९८४ च्या ऑक्टोबरपासून त्याने आपल्या जलशांत ध्वनिमुद्रण करू इच्छिणाऱ्या श्रोत्यांसाठी स्वतंत्र जागा राखून ठेवली. अट एवढीच, की फितींचा व्यापार होऊ नये. त्यामुळे जलशांची गर्दी ओसरली नाही; पुढील काही वर्षांत ती वाढलीच. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातही हा भेद आढळतो. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या प्रयोगावर व्यापक हक्क मिळाले, आणि आज त्यांची मुदत ५० वर्षांची आहे. मात्र ३९ व्या कलमाने स्वतःच्या खाजगी वापरासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन आणि संशोधन यांसाठी केलेल्या मुद्रणाला मुभा ठेवली आहे.

कायद्याने ठेवलेल्या या जागेचे महत्त्व महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव हिंडून गवयांच्या घराघरांत अडकलेल्या चिजा मिळविल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून सर्वांना खुल्या केल्या. त्यांच्यापाशी लेखणी होती. पुढच्या पिढ्यांच्या हाती कॅसेट आली. मैफलीत पुढे बसून उतरवून घेतलेल्या अशा फिती आजही कपाटांत पडून आहेत. ज्यांनी त्या केल्या ते आता वृद्ध झाले आहेत. आणि राग कोणता, बंदिश कोणाची, साथीला कोण, हे पुष्कळदा केवळ त्यांनाच ठाऊक आहे. चुंबकीय फीत काळाबरोबर खराब होते, पण माणसाची स्मृती तिच्याही आधी जाऊ शकते.

म्हणून पहिले काम खर्चाचे नाही. फितीवर तारीख, स्थळ आणि नावे लिहून ठेवणे, जे आठवत नाही ते विचारून घेणे, आणि मग ती जाणत्या संग्रहालयाकडे किंवा विद्यापीठाकडे सोपविणे, एवढे कोणत्याही घराला करता येईल. महाविद्यालयांच्या संगीत विभागांनी विद्यार्थ्यांना या कामास जुंपले, तर तो अभ्यासक्रमाचा उत्तम भाग ठरेल. त्या जर्मन मुलाने गाणे जपले, नाव मात्र जपले नाही. ते भरून काढावयास चाळीस वर्षे लागली. तेथे निदान एक वाद्यवृंद हयात होता. आपल्याकडील अनेक फितींच्या बाबतीत तेवढा अवधी कोणीही देणार नाही.