महागाई कमी झाली, तरी बाजार का पडला?

"दादा, बातमी तर चांगली होती, मग मार्केट का पडलं?" हा प्रश्न तुम्ही इतक्या वेळा विचारलाय की आज पूर्ण भाग त्यावरच. आणि सुरुवात माझ्याच एका फजितीपासून.

13 सप्टेंबर 2022, मंगळवार. निफ्टी 18,000 च्या वर बंद झाला होता. माझ्याकडे निफ्टीचे कॉल ऑप्शन होते, गुरुवारी एक्सपायरी. स्क्रीनवर हिरवा आकडा दिसत होता. संध्याकाळी 6 वाजता अमेरिकेचा महागाईचा आकडा येणार, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी पोझिशन तशीच ठेवली. का? तर महागाई उतरतेय, मग भीती कसली!

आकडा आला 8.3 टक्के. आधीच्या महिन्यात होता 8.5. म्हणजे महागाई खरंच कमी झाली होती. मी खुशीत जेवायला गेलो. रात्री फोन उघडला तर अमेरिकेचा बाजार कोसळलेला. त्या दिवशी डाऊ 1,276 अंकांनी पडला आणि एस अँड पी 500 तब्बल 4.3 टक्क्यांनी. जून 2020 नंतरची एका दिवसातली सगळ्यात मोठी घसरण.

आता हे नीट समजून घ्या. बाजार नुसता आकडा बघत नाही. आकडा आणि अपेक्षा यांच्यातला फरक बघतो. अपेक्षा होती 8.1 ची, आला 8.3.

दहावीच्या निकालासारखंच आहे बघा. घरच्यांनी 90 टक्के धरून पेढे आधीच वाटून टाकले आणि मुलाला मिळाले 85. मागच्या परीक्षेपेक्षा जास्तच मिळाले, पण घरात तोंडं पडलेली. बाजारानेही आधीचे चार दिवस वर जाऊन पेढे वाटून टाकले होते.

आणि खरी मेख आतल्या आकड्यात होती. पेट्रोल स्वस्त झालं म्हणून वरचा आकडा उतरला. पण खाण्याच्या वस्तू आणि इंधन वगळून जी महागाई मोजतात, ती एका महिन्यात 0.6 टक्क्यांनी वाढली होती. अंदाज होता 0.3 चा. म्हणजे घरभाडं, दवाखाना असे खर्च चढतच होते. अर्थ सरळ होता: अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, व्याजदर वाढवणं थांबवणार नाही. आठवड्याभराने तिने खरंच पाऊण टक्का दर वाढवला. तिकडे सुरक्षित रोख्यांवर जास्त व्याज मिळायला लागलं, की परदेशी गुंतवणूकदार आपल्यासारख्या बाजारातून पैसे काढून घेतात. म्हणून तिकडचा आकडा आपल्याला लागतो.

माझं काय झालं? आपला बाजार साडेतीनला बंद झालेला, त्यामुळे रात्री काहीच करता येईना. स्टॉप-लॉसचाही उपयोग नाही, कारण सकाळी निफ्टी मधले भाव गाळून थेट साधारण 300 अंक खाली उघडला. मी घाबरून पहिल्या काही मिनिटांतच सगळं विकलं. एका महिन्याचं खोलीभाडं गेलं. आणि गंमत म्हणजे दिवसअखेर निफ्टी बंद झाला फक्त 66 अंक खाली! पहिली चूक पोझिशन ठेवण्याची, दुसरी घाईत विकण्याची.

आता साक्षीकडे येऊ. अमेरिकेत कायद्यामुळे फेडच्या अध्यक्षांना वर्षातून दोनदा संसदेसमोर हजर व्हावं लागतं. एका समितीसमोर एक दिवस, दुसऱ्या सभागृहाच्या समितीसमोर बहुतेक वेळा लगेच दुसऱ्या दिवशी. आकडा एका क्षणात येतो, पण साक्ष तासन् तास चालते आणि तिथे शब्द मोजले जातात. 7 मार्च 2023 ला जेरोम पॉवेल म्हणाले, व्याजदर आधी वाटलं होतं त्यापेक्षा वर जाऊ शकतात. एवढंच! एस अँड पी 500 दीड टक्क्याने पडला आणि दोन वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा 2007 नंतर प्रथमच 5 टक्क्यांच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच निवेदन वाचलं, पण अजून काही ठरलेलं नाही, अशी पुस्ती जोडली. लगेच त्या पुस्तीचा अर्थ लावायला सगळे बसले.

मग आपण करायचं काय? आधी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये वेळा टाका. अमेरिकेचे महागाई आणि नोकऱ्यांचे आकडे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी 6 ला येतात, हिवाळ्यात 7 ला, कारण तिकडे घड्याळं बदलतात. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सकाळी 10 ला. आपला महागाईचा आकडा साधारण 12 तारखेला, दुपारी 4 ला, म्हणजे बाजार बंद झाल्यावर.

दुसरं, अशा घटनेआधी ऑप्शनचा प्रीमियम फुगतो आणि निकाल लागला की त्यातली हवा जाते. तुमची दिशा बरोबर असली तरी पैसे जाऊ शकतात. सेबीच्याच अभ्यासानुसार, 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये 10 पैकी 9 पेक्षा जास्त किरकोळ ट्रेडर तोट्यात होते. एसआयपी करणाऱ्यांनी मात्र अशा रात्री निवांत झोपावं. त्यांना एका आकड्याने फरक पडत नाही.

मी आता एकच नियम पाळतो: मोठ्या आकड्याच्या आदल्या बाजारात पोझिशन रिकामी. आकडा काय येईल ते मला कळत नाही, पण कधी येणार ते महिनाभर आधी कळतं. तेवढं मला पुरतं.

तुमचीही अशी एखादी फजिती झाली असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूच!